जुन्या गाडीचा हॉर्सपॉवर : आकडा एक, मोजमापं अनेक

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठात आपण फळ्यावर लिहितो, १ अश्वशक्ती = ७४६ वॅट. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातल्या पोराला मात्र एचपी हा शब्द पुस्तकाच्या आधी विहिरीवरच्या मोटारीमुळे कळलेला असतो. ‘आमची ५ ची, त्यांची साडेसातची.’ असं पोरगं कधीतरी विचारतंच, ‘सर, सारख्याच इंजिनाच्या दोन जुन्या जाहिरातींत एचपी वेगवेगळा कसा?’

पहिलं कारण एककाचं. ७४६ वॅटचा हॉर्सपॉवर ब्रिटिश मापाचा. मेट्रिक हॉर्सपॉवर (पीएस) म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर वर उचलणं. १५ किलोच्या पाच बादल्या समजा. तो भरतो सुमारे ७३५.५ वॅट. त्यामुळे १०० पीएसचं इंजिन ब्रिटिश मापात ९८.६ एचपीच दिसतं. पण हा फरक किरकोळ आहे.

खरा घोळ मोजण्याच्या पद्धतीत. अमेरिकेत पूर्वी ‘ग्रॉस’ शक्ती छापायचे. इंजिन गाडीतून काढून चाचणीच्या स्टँडवर बसवायचं. पंखा नाही, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. कुस्तीगीर कपडे-बूट काढून वजनकाट्यावर उभा राहतो, तसं! ‘नेट’ मोजणीत हे सगळं जोडलेलं असतं आणि ते चालवायला शक्ती खर्च होते. जर्मनीची डिन पद्धत अशीच. अमेरिकी कंपन्यांनी १९७२ च्या मॉडेलांपासून नेट आकडा द्यायला सुरुवात केली. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७० साली ४०० एचपी होतं, १९७१ ला ३६५ आणि १९७२ ला एकदम २३५! पहिली घट खरी होती, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन कमी केलं होतं. दुसरी मोठी घट मुख्यतः मोजणी बदलल्यामुळे कागदावर आली. वर्गात ही तीन वर्षं फळ्यावर लिहा आणि ‘इंजिन बिघडलं का?’ एवढंच विचारा. चर्चा आपोआप रंगते.

कधी आकडा बदलतो, कारण इंजिनच बदललेलं असतं. आपली मारुती ८०० घ्या. ७९६ सीसीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीची शक्ती सुमारे ३७ बीएचपी. पुढे एमपीएफआय आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आले, तेव्हा तेवढ्याच सीसीत ती सुमारे ४५ झाली. ही वाढ खरी. आणि हे सगळे आकडे नव्या इंजिनाचे बरं का. वीस वर्षं धावलेल्या गाडीला ते लावून किंमत ठरवू नका.

पालकांना यातलं सगळ्यात उपयोगी पडेल ते ट्रॅक्टरच्या बाबतीत. जुना ट्रॅक्टर घेताना विकणारा सांगतो तो बहुधा इंजिनाचा एचपी. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र मात्र मागच्या पीटीओ शाफ्टवर चालतं. गिअरमधून तिथपर्यंत पोचताना शक्ती घटते, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ४० च्या आसपासच मिळते. आपल्या काळ्या, चिकट जमिनीत रोटाव्हेटर ओढायचा असेल आणि त्यासाठी कर्ज काढणार असाल, तर सौद्याआधी माहितीपुस्तिका मागा. तिच्यात पीटीओ एचपी किती फेऱ्यांना दिलाय ते पाहा आणि रोटाव्हेटरला लागणारा एचपी त्याच्याशी ताडून बघा.