पन्नीखालचा घाम

सकाळी साडेपाच

चहाच्या आधी मीटर. हवा 25 अंश, दमटपणा 94 टक्के, दवबिंदू 24. आमच्या पोर्चचा कोबा 24.8. म्हणजे फरशी आणि दव यांच्यात पाऊण अंशाचं अंतर. आमच्या धंद्यात हे अंतर किमान 3 अंश लागतं. त्याच्या आत असेल तर इपॉक्सीचा डबा उघडायचा नाही, फरशी डोळ्याला कितीही कोरडीठाक दिसो.

माझं काम गॅरेजच्या फरश्यांना इपॉक्सी लावण्याचं. शिकलो रत्नागिरीत, आता करतो जबलपुरात. इथे लोक हसतात. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब, मग दमट हवेची एवढी भीती कशाला? रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे 1300 च्या आसपास, हे खरं. पण इथला पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, आणि त्या दिवसांत इथल्या गढा भागातलं गॅरेज नि कोकणातलं गॅरेज सख्खे मावसभाऊ असतात.

सात

गढ्यातल्या काकूंचं घर. त्यांच्या सासऱ्यांच्या काळचं, म्हणजे जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते तेव्हाचं. 1956 नंतर नागपूर तिकडे गेलं, आम्ही मराठी इकडे राहिलो. माझे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते, काकूंचे सासरे रेल्वेत. घरात मराठी बोलायचं, फाटकाबाहेर हिंदी, आणि गणपती मात्र दणक्यात. गणपती पंधरा दिवसांवर आलाय. यंदा मूर्ती मोठी, बैठक गाडीच्या पोर्चमध्ये, म्हणून खालची फरशी आरशासारखी हवी, असं काकूंनी मुलाच्या मोबाइलवरचा फोटो दाखवून सांगितलं होतं.

काल दुपारी आम्ही तीन ठिकाणी पन्नी चिकटवून गेलो होतो. पारदर्शक प्लास्टिक, दीड फूट बाय दीड फूट, चारी कडा टेपने घट्ट बंद. किमान 16 तास ठेवायची. परीक्षा इतकीच. महागडं यंत्र नसलं तरी घरच्या घरी कुणालाही करता येते.

माझा हेल्पर उकिडवा बसून बघतो आणि वर न पाहताच सांगतो, "भैया, पन्नी के नीचे पसीना है."

फाटकाजवळच्या पन्नीखाली काही नाही. मधल्या पन्नीखाली कोबा जरा काळपट पडलाय. मागच्या भिंतीकडची मात्र आतून दवाने भरलेली, बोट टेकवलं की थेंब एकमेकांना मिळून ओघळतात. टेप काढल्यावर खाली नेमका दीड फुटाचा काळा चौकोन दिसतो. भिंतीच्या पायथ्याला वीतभर उंचीवर खार फुटलेला आहेच. काकू म्हणतात, "अरे, पण इथे छप्पर आहे, पाऊस आत येतच नाही."

पाऊस वरून येत नाही, काकू, पाणी खालून येतं. हे वाक्य मी आठवड्यातून पाच वेळा बोलतो.

गढ्यात हे समजावणं खरं तर सोपं जायला हवं. हे गोंड राजांचं जुनं ठाणं. संग्रामशहा, मग राणी दुर्गावती, आणि त्यांनी व त्यांच्या माणसांनी राखलेली तळी. संग्राम सागर आहे, देवताल आहे, सुपाताल आहे. मदन महालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवरून उतरणारं पाणी खोलगटीत अडवायचं, असा तो कारभार. जबलपुरात बावन्न तलाव होते असं आमच्याकडे लहान पोरही सांगतं. त्यातले कित्येक आता नुसते पत्त्यात उरलेत. चेरीताल ही वस्ती आहे, मढाताल हा बाजार आहे. तळं बुजवलं, वर प्लॉट पाडले, पण पाण्याला उतार पाठ असतो. ते जमिनीखालून आपल्या जुन्या जागी येतंच. जुन्या पोर्चखाली मुरूम नि विटांचे तुकडे भरलेले, प्लास्टिकचा कागद कुणी अंथरलेला नसतो. काँक्रीट म्हणजे बारीक नळ्यांचा स्पंजच. त्या नळ्यांतून पाणी वर चढतं आणि वाफ होऊन हवेत जातं, म्हणून फरशी कोरडी दिसते. तिच्यावर इपॉक्सीचं झाकण बसवलं की वाफेची वाट बंद. मग ती झाकणच उचलते.

किती पाणी? जुनी मर्यादा अशी की हजार चौरस फुटांतून चोवीस तासांत सुमारे 1.4 किलोपेक्षा जास्त वाफ येता कामा नये. काकूंचं पोर्च 200 चौरस फुटांचं. म्हणजे दिवसाला पेलाभर पाणी. तेवढं पुरतं लाख रुपयांची फरशी उखडायला.

काकूंना संध्याकाळी सांगतो म्हणून निघालो. खरं तर तिथेच सांगायला हवं होतं, पण आतून मोदकाच्या साच्यांची शोधाशोध ऐकू येत होती.

साडेआठ

पोहे, आणि वर खव्याची जलेबी. जबलपूरकराला हा नाश्ता आहे की गोड, असं विचारू नये.

रत्नागिरीच्या जुन्या जोडीदाराचा फोन. तिथे हवा 26, दमटपणा 95, दवबिंदू 25 च्या वर. त्याचं काम जूनपासून बंद आहे आणि तो दर वर्षी याच दिवसांत मला चिडवायला फोन करतो. किनाऱ्यावर पाण्याच्या जोडीला मीठ असतं. पूर्वी कुणी खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ काँक्रीटच्या पोटातच बसलेलं, नाहीतर वाऱ्याने आणून घातलेलं. मीठ हवेतून ओल ओढतं. मिठाची बरणी पावसाळ्यात पाणावते ना, तशी फरशी पाणावते. तिथे आम्ही नुसतं घासून थांबत नसू. गोड्या पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा पन्नी लावायची. काम नोव्हेंबरपासून मेपर्यंत. तेव्हाही सूर्य कलल्यावर शटर उघडं ठेवून कोट मारायचा नाही, कारण रात्री फरशी गार पडली की समुद्राकडची ओली हवा तिच्यावर दव धरते.

साडेनऊ

मेडिकल कॉलेजच्या बाजूला नवं घर, 240 चौरस फुटांचं गॅरेज. काँक्रीटला तीन महिने होऊन गेलेत. 28 दिवसांच्या आत आम्ही हातच लावत नाही. मुख्य म्हणजे मालकांनी ढलाईच्या आधी खाली जाड प्लास्टिक अंथरलं होतं. इथल्या पन्न्या कोरड्या निघाल्या, काँक्रीटची ओल मोजणारा मीटरही 4 टक्क्यांच्या खाली.

तरी ग्राइंडर. नव्या काँक्रीटवर सिमेंटची साय असते, दुधावर असते तशी. वरून गुळगुळीत, आतून भुसभुशीत. तिच्यावर रंग चिकटतो, पण ती स्वतः खालच्या काँक्रीटला चिकटलेली नसते. काही जण ॲसिड ओतून फरशी फेसाळवतात आणि झालं म्हणतात. मीही म्हणायचो. आता हिऱ्याच्या पात्यांनी घासतो, मागे व्हॅक्यूम लावून. दोन तास कान बधिर. मग फरशीवर हात फिरवायचा, मध्यम पॉलिश पेपरसारखी लागली पाहिजे. चमचाभर पाणी टाकायचं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून साय किंवा तेल आहे, मिनिटाभरात पिऊन टाकला तर झालं.

साडेअकरा

हवा 28.5, दमटपणा 80, दवबिंदू 24.7, फरशी 26.8. अंतर 2.1. थांबा.

मालक विचारतात, सगळं तयार असून तुम्ही बसलात का? हेल्पर डबा खातो, मी त्याच्या डब्यातलं भरवां करेला खातो.

पावणेदोन

हवा 30.5, दमटपणा 71, फरशी 28.1, दवबिंदू 24.6. साडेतीन अंशांचं अंतर पडलं. फरशीचा पाराही अर्ध्या तासापासून जागचा हललेला नाही, हे महत्त्वाचं. फरशी तापत असताना प्रायमर मारला तर काँक्रीटमधली हवा फुगून बाहेर येते आणि कोटावर टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणजे सकाळी मारलं तर भोकं, संध्याकाळी मारलं तर दव. पावसाळ्यात दिवसाकाठी मिळाले तर तीन तास मिळतात, आणि मजुरी मात्र आठ तासांची द्यावी लागते.

आता घाई, पण शिस्तीची. रेझिन आणि हार्डनर तराजूवर. अंदाजे हा शब्द इथे चालत नाही. प्रमाण चुकलं तर फरशी कायमची चिकट किंवा ठिसूळ. ड्रिलला लावलेली रवी सावकाश फिरवायची, ताक फेसाळल्यासारखी हवा शिरू द्यायची नाही. तीन मिनिटं. मग सगळं दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा मिनिटभर, कारण कडेला नि तळाला न मिसळलेलं राहतंच. एका वेळी दोन किलोच.

मिसळलं की घड्याळ सुरू. या उन्हाळी-पावसाळी हवेत हातात अर्धा तासही नसतो. बादलीत साठलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने आणखी भडकतं, फरशीवर पसरलं की शांत होतं. रत्नागिरीत पहिल्या वर्षी मी अर्धी बादली ठेवून चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा बादलीतून धूर निघत होता आणि प्लास्टिक वितळून कलतं झालं होतं. तेव्हापासून ओतायचं, लगेच ओतायचं, रांगोळीसारखी जाड धार फरशीवर सोडायची आणि मग रोलर. मागच्या भिंतीपासून शटरकडे, खिळ्यांचे बूट घालून. काँक्रीट जिथे भराभर पितं तिथे कोट मॅट पडतो, तिथे पुन्हा हात. 22 चौरस मीटरला साडेतीन लिटर गेलं. उद्या एक मिलिमीटरचा कोट, त्याला सरळ हिशोब: चौरस मीटरला एक लिटर.

चार

तक्रार. सुपातालकडचं घर, काम माझंच, तीन वर्षांपूर्वीचं. पन्नी न लावता केलेलं. मालकांना घरच्या लग्नाची घाई होती आणि मला पैशांची.

फरशीवर रुपयाएवढे फोड. एक टाचणीने फोडला. आतून तपकिरी, चिकट, साबणासारखं बुळबुळीत पाणी आलं. लिटमसचा तांबडा कागद लावला, निळा झाला. हे पावसाचं पाणी नव्हे, काँक्रीटमधले क्षार घेऊन वर आलेलं पाणी आहे. फोडाखाली आधी थेंबभर क्षार जमतात, मग ते आणखी पाणी ओढतात, फोड वाढत जातो. टायर थांबतात तिथे तर चार चट्टे सोललेले. लांबून आलेली गाडी, तापलेलं रबर, मऊ पडलेला कोट. थंड होताना टायर आक्रसतो आणि कोट घेऊन उठतो. नीट चिकटलेला कोट हे सोसतो, वर पॉलियुरेथेन असेल तर आणखी चांगलं. हा मुळात चिकटलेलाच नव्हता.

सगळं खरवडून काढायचं ठरलं. मग इपॉक्सी आणि सिमेंट एकत्र असलेला तीन भागांचा दोन मिलिमीटरचा थर, जो ओलसर काँक्रीटवरही धरतो, आणि त्यावर कोट. माझ्या खर्चाने. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

साडेपाच

परत मेडिकलकडे. ढग आलेत, दमटपणा 82. प्रायमर बोटाला लागत नाही, म्हणजे वेळेत वाळला. हवा ओली असताना हार्डनर इपॉक्सी सोडून हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी सोयरीक करतो, मग वर मेणचट पांढुरका थर येतो. त्यावर पुढचा कोट मारला तर तो सालीसारखा निघतो. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, फडकं स्वच्छ. शटर खाली, फटीत गोणपाट.

साडेसात

काकूंना फोन.

"काकू, यंदा जमणार नाही. मागची भिंत ओली आहे. बाहेरची पन्हळ भिंतीतच गळतेय, आधी ती बदला, आणि मागच्या अंगाने उताराची नाली काढून घ्या."

"दुसरा एक जण चार दिवसांत करून देतो म्हणतोय."

"देईल. गणपतीत चमकेल, पुढच्या पावसाळ्यात फोड येतील. मी तेच करून आलोय."

बराच वेळ शांतता. मग, "गाडीचं जाऊ दे रे, बाप्पाच्या खाली काय घालू?"

"सतरंजी. कोबा स्वच्छ धुऊन घेतो मी, घासूनही देतो."

वहीत लिहिलं: गढा, 200 चौरस फूट, दसऱ्यानंतर पुन्हा तीन पन्न्या. मागच्या भिंतीकडची कोरडी निघाली तरच डबे आणायचे.