विद्यार्थिनीचं पुस्तक आधी आलं

सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीचा 3 जानेवारी जवळ आला की वाशीपासून बेलापूरपर्यंत शाळाशाळांतून त्यांच्यावरची भाषणं पाठ होऊ लागतात. शाळेत शिकवायला जाताना अंगावर फेकलेलं शेण, ते बदलायला पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं, सगळं त्यात येतं. एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते. सावित्रीबाई कवयित्री होत्या, आणि कवयित्री म्हणून त्यांचा हिशोब मांडला तर डोकं चक्रावतं.

बघा ना. 1831 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्म. 1840 मध्ये लग्न. पाटी हातात आली ती त्यानंतर, नवऱ्याकडून, म्हणजे जोतीरावांकडून. 1848 ला पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा. आणि 1854 ला 'काव्यफुले' हा संग्रह! वय अवघं तेवीस.

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. त्यांना अक्षरं शिकवणाऱ्या जोतीरावांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा छापून आला 1869 मध्ये. त्याआधी 1855 मध्ये लिहिलेलं 'तृतीय रत्न' हे नाटक तर त्यांच्या हयातीत छापलंच गेलं नाही. म्हणजे विद्यार्थिनीने गुरूला पंधरा वर्षांनी मागे टाकलं की! आणि आपण ज्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो ते केशवसुत? त्यांचा जन्मच 1866 चा.

पण शाळा चालवणाऱ्या बाईला कविता कशाला हव्या होत्या? इथे त्यांची हुशारी दिसते. ज्यांना 'शिका' असं सांगायचं, त्यांना वाचताच येत नाही. मग छापील निबंध काय कामाचा? ओवी-अभंगाला मात्र वाचणारा लागत नाही. जात्यावर बसलेली बाईसुद्धा ती ऐकून पाठ करते आणि शेजारणीला देते. सावित्रीबाईंनी लोकांच्या कानांत आधीच मुरलेली ही वळणं उचलली आणि त्यांत शिक्षण भरलं. शिवाय संग्रहात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे, बळीराजा आहे, छत्रपती ताराबाई आहेत. नुसता उपदेश केला असता तर कोण ऐकणार होतं!

कवितेतली ही बाई प्रत्यक्षात कशी होती? 1868 मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं त्यांचं पत्र वाचा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली शारजा यांचं प्रेम जमलेलं, ती गरोदर. गावकरी दोघांना मारायला निघालेले. सावित्रीबाई त्या जमावात शिरल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. हे सारं पत्रात किती सहज येतं!

1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे अंत्यविधीचं मडकं, धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाईच. पुढे नवऱ्याचं चरित्रही त्यांनी पद्यातच रचलं. 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना त्याच रोगाने गाठलं आणि 10 मार्चला त्या गेल्या.

त्यांचं समग्र वाङ्मय मराठीत पुस्तकरूपात आहे. एकदा हातात घ्या, आणि एखादी कविता मोठ्याने म्हणून बघा.