काळा धूर काय सांगतो?

चुलीत लाकडे कोंबली आणि हवेला वाट ठेवली नाही, तर जाळ होत नाही; चूल धुमसते आणि भांडी काजळतात. अशा वेळी गृहिणी आणखी लाकूड घालीत नाही, ती फुंकणी हाती घेते. मोटारीचे इंजिन ही अशीच एक चूल आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! हे प्रमाण बिघडून पेट्रोल अधिक व हवा कमी झाली, की ‘मिश्रण रिच झाले’ असे मेकॅनिक म्हणतात. ‘रिच’ म्हणजे श्रीमंत. पण ही श्रीमंती मालकाला दरिद्री करणारी असते.

हा दोष ओळखावा कसा? प्रथम धुराचा रंग पाहावा. निळसर धूर निघाला, तर इंजिनात तेल जळत आहे. पांढरी दाट वाफ सतत येत राहिली, तर पाणी आत झिरपत असावे. काळा धूर व त्यास पेट्रोलचा उग्र वास असेल, तर मिश्रण रिच आहे असे समजावे. इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहिला, म्हणजे खात्री पटते. निरोगी इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. रिच मिश्रणाच्या प्लगवर कोरडी, मऊ काजळी साचते.

परंतु लक्षण म्हणजे कारण नव्हे. म्हणून तपास सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. सर्वांत आधी एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. तो धुळीने बुजला असेल, तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तेवढे एकच कारण पुरते. त्यानंतर चोक पाहावा. थंड इंजिन सुरू करताना चोक हवा अडवितो. इंजिन तापल्यावरही त्याची झडप मिटलेलीच राहिली, तर पेट्रोल वाया जाते. सुरतेचा हिवाळा तो काय! येथे चोकची गरज क्षणभराचीच. शेवटी फ्लोट तपासावा. घरच्या पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा बिघडला, की टाकी वाहू लागते. कार्ब्युरेटरमधील फ्लोटचेही तसेच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची ‘पद्मिनी’ अशाच कार्ब्युरेटरवर चाले. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

कधी कधी दोष गाडीत नसतोच. सुरतेहून सापुताऱ्यास जाणारी जुनी गाडी घाट चढताना जड होते. सुमारे १,००० मीटर उंचीवर हवा जवळजवळ एकदशांशाने विरळ असते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही. गाडी खाली उतरली, की तक्रार आपोआप मिटते. म्हणून गाडी बिघडली कोठे व केव्हा, हे आधी विचारावे.

नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. तेथे धुराड्याच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला प्राणवायू मोजतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करतो. तपासणीयंत्रावर ‘पी ०१७२’ हा संकेत उमटला, म्हणजे मिश्रण रिच आहे. पण गुन्हेगार कोण, हे तो संकेत सांगत नाही. इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडून ‘इंजिन थंड आहे’ असे खोटेच सांगत असेल, अथवा इंजेक्टर गळत असेल. संकेत पाहताच ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखविला म्हणून थर्मामीटर फेकून देणे होय!

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. अपुऱ्या हवेत पेट्रोल जळले, की कार्बन मोनॉक्साइड वायू वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. परीक्षा उघड्यावर आणि वडीलधाऱ्यांच्या देखत करावी. पीयूसी तपासणीत पेट्रोलच्या गाडीचा हाच वायू मोजतात. तो कागद खिशात घालण्यापूर्वी त्यावरील आकडा गेल्या वेळेच्या आकड्याशी ताडून पाहावा. वाढ दिसली, तर काळा धूर दिसण्याची वाट न पाहता एअर फिल्टर उघडावा.