दुसरी नजर

विमानाच्या शेपटीवर आडवा पंख असतो आणि त्याच्या मागच्या कडेला हलणारी एक फळी. तिचं नाव एलिव्हेटर. वैमानिकानं कंट्रोल पुढे ढकलला की ती खाली झुकते, शेपटी उचलली जाते आणि नाक खाली येतं. मोठ्या जेटमध्ये ही फळी हायड्रॉलिक दाबानं हलते. छोट्या विमानांत, बारामतीला शिकाऊ वैमानिक उडवतात त्या सेसनापासून १९ आसनी बीचक्राफ्ट १९००डीपर्यंत, हाताचा जोर पोलादी केबलमधून शेपटीपर्यंत पोचतो.

केबल ताणतात टर्नबकलनं. पितळी नळीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येतात. ताण मोजायला टेन्सिओमीटर. पण आधी हँगरमधलं तापमान पाहून तक्त्यातला आकडा काढायचा, कारण ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतो: थंडीत केबल सैल पडते, उन्हाळ्यात ताठते. शेवटी नळी आपोआप फिरू नये म्हणून लॉकवायर बांधायची. या सगळ्या कामाला रिगिंग म्हणतात.

यातली खरी मेख अशी की ताण बरोबर असला म्हणजे फळी पुरेशी हलेलच असं नाही. नाक वर नेणारी केबल एक, खाली आणणारी दुसरी. एकीचा टर्नबकल जास्त आवळला आणि दुसरीचा तितकाच सैल सोडला, तरी टेन्सिओमीटर योग्य आकडा दाखवेल. म्हणून रिगिंगनंतर फळी किती अंश वर जाते आणि किती खाली, हे शेपटीपाशी प्रत्यक्ष मोजावं लागतं.

६ जानेवारी २००३च्या रात्री अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनच्या हँगरमध्ये एअर मिडवेस्टचं एक बीचक्राफ्ट १९००डी तपासणीसाठी उभं होतं. केबलचा ताण कमी निघाला. काम करणारा मेकॅनिक या विमानावर ही तपासणी पहिल्यांदाच करत होता आणि त्याला शिकवणारा माणूसच त्या कामाचा इन्स्पेक्टरही होता. फक्त ताणच तर वाढवायचाय, म्हणून रिगिंगच्या अनेक पायऱ्या गाळायच्या असं त्यांनी ठरवलं. काम झालं, सह्या झाल्या. एलिव्हेटर आता खालच्या बाजूला ठरलेल्या अंशांच्या जेमतेम निम्माच जात होता.

त्यानंतर हे विमान नऊ वेळा उडालं आणि नऊही वेळा सुखरूप उतरलं. या विषयात मला सर्वांत भीती वाटते ती इथे. एलिव्हेटर टोकापर्यंत वापरायची वेळ रोजच्या उड्डाणात क्वचितच येते. उरलेल्या निम्म्या हालचालीत नऊ उड्डाणं भागली. शेपटी उंच असल्यानं कॉकपिटातून फळी दिसतही नाही. डेटा रेकॉर्डरमध्ये मात्र त्या रात्रीनंतर बदललेले आकडे नोंदले जात होते. ते वाचण्याची वेळ आली ती अपघातानंतर.

८ जानेवारीला शार्लट विमानतळावर विमान पूर्ण भरलं. कागदावर वजन मर्यादेत होतं. पण हिशेब प्रवाशांच्या ठरावीक सरासरी वजनावर होत असे आणि माणसांची खरी वजनं त्याहून बरीच वाढली होती. विमान जड होतं, त्यातही भार मागे होता. चाकं सुटताच नाक वर जाऊ लागलं. वैमानिकांनी सगळा जोर लावून ते खाली दाबलं, पण फळी अर्ध्यावरच अडली. विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल हरवून, एका हँगरवर आदळलं. आतले सगळे २१ जण गेले.

याला ‘मेकॅनिकची चूक’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. असं आधीही घडलं होतं: ११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर १२० हवेतच मोडलं आणि १४ जण दगावले. आदल्या रात्री आडव्या पंखाची पुढची कड बदलायला घेतली होती. एका पाळीनं डाव्या बाजूचेही वरचे स्क्रू काढले, पुढच्या पाळीला कोणी ते सांगितलं नाही, आणि तिनं फक्त उजवी बाजू पुरी केली. ४७ स्क्रू बसवलेच गेले नाहीत. ते जमिनीवरून दिसणार नाहीत अशा उंचीवर होते. इथेही स्क्रू काढायला मदत करणारा माणूस इन्स्पेक्टरच होता. तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे सदस्य जॉन लॉबर यांनी या अपघाताच्या अहवालाला वेगळं मत जोडलं आणि बोट ठेवलं ते व्यवस्थापनावर. मला तेच मत योग्य वाटतं. दमलेल्या रात्रपाळीत पायरी गाळली जाणार, निरोप राहून जाणार, हे धरूनच हँगर चालवायला हवा. तपासणारा त्यासाठीच असतो. त्यानं पाना हातात घेतला की तो तपासणारा राहत नाही.

शार्लटनंतर याच मंडळानं शिफारशी केल्या. महत्त्वाच्या यंत्रणांची दुरुस्ती झाली की त्या पूर्ण हलवून पाहाव्यात, ही त्यांतली एक. दुसरी अशी की ज्यानं मेकॅनिकला एखादं काम शिकवत करून घेतलं, त्यानं त्या कामावर इन्स्पेक्टर म्हणून सही करू नये. हे करायला नवं यंत्र लागत नाही. रात्रपाळीला आणखी एक जाणकार माणूस लागतो आणि त्याचा पगार.