मराठीवाली डिस्क घरीच कशी बनवायची?

आज चांदूर बाजारहून बोलतोय. इथल्या एका अभ्यासिकेत सहा जुने कॉम्प्युटर आहेत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, अन् टीपीएम २.० नसल्यानं ११ त्यांच्यावर रीतसर चढत नाही. मग लिनक्स मिंट. पण मराठी फॉन्ट, कीबोर्ड सहा-सहा वेळा डाउनलोड करत कोण बसणार? नेटचा तर भरवसाच नाही. म्हणून सगळं आत घातलेली एकच डिस्क बनवली.

कशी? मिंटची आयएसओ फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं. आत स्क्वॉशएफएस प्रकारच्या दाबलेल्या फायलीत अख्खी सिस्टिम असते. क्युबिक नावाचं टूल ती उलगडून तुम्हाला टर्मिनल देतं. तिथं मराठी भाषेचं पॅकेज, देवनागरी फॉन्ट, लिबरऑफिसचं मराठी टाकायचं. नको ते काढायचं, कारण साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबीच मावतं. मग क्युबिक सगळं पुन्हा दाबून बूट होणारी नवी आयएसओ देतं.

आता माझी चूक ऐका. वेळ वाचावा म्हणून मी 'हार्ड डिस्क पुसू का?' या प्रश्नालाही आधीच 'हो' लिहून ठेवलं. पहिल्याच मशीनमध्ये एका पोरीच्या वर्षभराच्या नोट्स होत्या. गेल्या. बॅकअप घेतला का, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून भाषा, कीबोर्ड, घड्याळ आपोआप. पुसायचा प्रश्न मात्र माणसालाच. अन् नवी डिस्क आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवून पाहा, मगच खऱ्या मशीनला लावा.