जुन्या गाडीची नाडी

पुण्यात स्थायिक झालेला माझा एक वर्गमित्र फोनवर नेहमी विचारतो, "काय कविराज, तुमची स्पोर्ट्स कार काय म्हणते?" माझ्याकडे आहे ती 1986 सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडची फियाट. अब्बांनी ती 1994 मध्ये उदगीरहून जुनीच विकत आणली. मधली चार वर्षे तिचा मीटर बंद होता. त्यामुळे ती एकूण किती धावली, हे नेमके सांगता येत नाही. वहीतल्या नोंदींची बेरीज केली तर आकडा अडीच लाख किलोमीटरच्या पुढे जातो.

मित्र चेष्टा करतो, पण त्या चेष्टेत थोडे सत्यही आहे. आपल्याकडे खऱ्या स्पोर्ट्स कार होत्याच किती? ज्यांना शर्यतीची हौस होती ते लोक फियाटचेच इंजिन खोलून, घासूनपुसून, तिला हलकी करून पळवत. मुंबईत जुहूच्या विमानपट्टीवर आणि चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यात फियाट हमखास असे. तेव्हा मुखेडच्या बाजारातून बैलगाडीच्या मागे हळूहळू सरकणाऱ्या माझ्या गाडीच्या घराण्यात शर्यतीचे रक्त आहे, असे मी मित्राला सांगतो.

या घराण्याचा इतिहासही आपल्या मातीतला आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन 1954 मध्ये 'फियाट 1100' आली. तिच्या गोलसर तोंडामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. 1964 पासून पुढचे, आपल्या परिचयाचे चौकोनी रूप आले आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचे नाव 'पद्मिनी' झाले. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ होता. 2000 सालाच्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले. निरोप द्यायला आपल्याला आवडते. सांभाळायचे कसे, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचे आहे.

पहिला प्रश्न असा की गाडी म्हातारी होते ती वर्षांनी की किलोमीटरांनी? उत्तर आहे, दोन्हींनी. पण दोन्हींची म्हातारपणे निराळी. लोखंडाची झीज किलोमीटरांनी होते. रबर मात्र उभ्या उभ्याच म्हातारे होते. म्हणून वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा चांगली असेल, असे समजू नये. उभ्या गाडीत सील सुकतात, ब्रेक गंजून धरतात, टाकीत पेट्रोलचा गाळ होतो, बॅटरी बसते. शिवाय इंजिनची झीज सगळ्यात जास्त होते ती गाडी चालू करताना. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल खाली उतरलेले असते आणि सुरुवातीचे काही क्षण धातूवर धातू घासतो. रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत जाऊन येणारी गाडी नीट तापतच नाही. तिच्या ऑइलमध्ये पाण्याची वाफ साठते. नांदेडपर्यंत एका दमात जाऊन येणारी गाडी तिच्यापेक्षा सुखी असते.

आता ऑइलचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो. दांडी काढून पाहिली, ऑइल काळे दिसले, म्हणजे ते खराब झाले असे नाही. इंजिनमधली काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. पाहायचे ते वेगळे. पातळी किती उतरली? बोटाला कचकच लागते का? झाकणाखाली दुधाळ साय दिसते का? साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी जात आहे. थोडी साय न तापलेल्या इंजिनमधल्या वाफेची असते, ती लांबच्या फेरीनंतर जाते. पण रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेडचे गॅस्केट तपासायला हवे. जुन्या गाडीत गाडी फार धावली नसली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच.

धुराचा रंगही वाचता आला पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीतल्या सकाळी थोडा पांढरा धूर ही नुसती वाफ असते, पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर पाणी जळते आहे. निळा धूर दिसला की कुणीतरी सांगतेच, "इंजिन बांधून घ्या." त्याआधी एक सोपी तपासणी असते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मीटरने मोजायचा. एखाद्यात दाब कमी आला, तर तिथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. चमचाभर ऑइलने कधी कधी हजारो रुपयांचा खर्च वाचतो.

मराठवाड्यातल्या गाडीचा मोठा शत्रू म्हणजे आपले बोअरचे पाणी. ज्या पाण्याने घरातल्या हंड्याला पांढरा थर बसतो, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. मग तिथल्या बारीक नळ्यांतही तसाच थर बसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा गाडी तापते आणि आपण म्हणतो, उन्हाळा फार आहे! उन्हाळा असतोच, पण नळ्या आपण बुजवलेल्या असतात. बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरावे. रेडिएटरचे झाकणही महत्त्वाचे आहे. ते कुकरच्या शिट्टीसारखे दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले की पाणी लवकर उकळते. आणि तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की पाणी एकदम उसळते आणि तोंड-हात भाजतात.

जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही. ठिणगी पडते ती पॉइंटच्या उघडझापीने. त्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही किंचित कमी असते. पॉइंट जळले, फट बदलली, की गाडी झटके देते आणि पेट्रोल पिते. कार्ब्युरेटरमधली छिद्रे तर सुईच्या अग्राएवढी. तिथे कचरा अडकला की लोक इंजिनला दोष देतात. दहापैकी निम्म्या तक्रारी या दोन ठिकाणी सुटतात, असे आमचे मिस्त्री म्हणतात आणि माझा अनुभवही तोच आहे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. शिशाचे पेट्रोल देशात 2000 मध्ये बंद झाले. 2025 पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. आमच्या भागातल्या उसाला त्याने भाव येत असेल तर मी त्याला विरोध कसा करू? पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपातला पडदा इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेते, म्हणून टाकी महिनोन् महिने भरून ठेवू नये. इथेनॉल चालेल असे पाइप मिळतात, ते बसवून घ्यावेत. पाइपाचा खर्च थोडा असतो. गरम इंजिनवर ठिबकणाऱ्या पेट्रोलचा खर्च मोजता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. 2009 चा पावसाळा होता. ब्रेक ऑइलची पातळी दर पंधरा दिवसांनी थोडी उतरत होती. मी वरून भरत होतो. गाडी थांबत होती, म्हणून सगळे ठीक आहे असे मानत होतो. मिस्त्रींनी दोनदा सांगितले, "भाई, ऑइल उडून जात नसतं. कुठंतरी गळतंय. गाडी एक दिवस सोडून जावा." मला वेळ नव्हता. खरे म्हणजे पैसे वाचवायचे होते. एका संध्याकाळी अम्मीला दवाखान्यातून घेऊन येत होतो. बालाघाटाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पाय थेट खालपर्यंत गेला. जुन्या रचनेत चारही चाकांच्या ब्रेकला एकाच वाटेने दाब जातो. एका चाकाचे सील फुटले की चारही चाके रिकामी. मी पायाने भराभर पंप केला, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आणले आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगाला लावली. अम्मी मागच्या सीटवर होती. तिने एवढेच विचारले, "घर आलं का?" मी हो म्हणालो. माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

त्या दिवसापासून ब्रेकच्या बाबतीत मी काटकसर केलेली नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. साध्या प्रतीचे कोरे ऑइल दोनशे अंशांच्या पुढे उकळते. ओलावा शोषल्यावर तेच एकशेचाळीसच्या आसपास उकळू शकते. उतारावर ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे, हवा काढून घ्यावी आणि चारही चाकांची रबरे पाहावीत. पातळी उतरली तर वरून भरून गप्प बसू नये. लायनर झिजूनही पातळी थोडी उतरते, पण ते पाहून खात्री केल्याशिवाय गाडी काढू नये.

टायरचेही असेच. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असे नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 असे असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुन्या गाड्या कमी धावतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी वयाने कडक होतात आणि चिरतात. पाच-सहा वर्षांनंतर ते दरवर्षी तपासून घ्यावेत. आणि आपली काळी माती! पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत बसते, ओल धरून ठेवते आणि आतून पत्रा खाते. वरून रंग चकाकत असतो आणि खालून बोट आरपार जाते. पावसाळा संपला की खालून धुणे, हे वरच्या पॉलिशपेक्षा मोलाचे.

हे सगळे लक्षात राहावे म्हणून अब्बांनी वही घातली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, काय बदलले, किती पैसे. तीच वही मी पुढे चालवतो. वहीमुळे गाडीचा खर्च कळतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बदल कळतो. एका लिटरला चौदा किलोमीटर जाणारी गाडी बारावर आली, की कान टवकारायचे.

जुनी गाडी ठेवायची तर कायद्याचाही हिशेब आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि शिवाय पर्यावरण कर. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाले आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. पन्नास वर्षे ओलांडलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय आहे, पण ती रोजच्या वापरासाठी नाही. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा धूर जास्त सोडते, हेही कबूल केले पाहिजे. म्हणून मी ती महिन्यातून चार-पाच वेळाच, पण लांबवर काढतो आणि पीयूसी कधी चुकवत नाही.

माझा मुलगा म्हणतो, "अब्बा, अब निकाल डालो इस को." त्याचे चुकत नाही. खरी अडचण पैशाची नाहीच. आमचे मिस्त्री आता सत्तरीला टेकले आहेत. पाना इंजिनला टेकवून दुसरे टोक कानाला लावतात आणि कोणता टॅपेट वाजतो ते सांगतात. त्यांच्याकडे शिकायला पोरगा नाही. नव्या गॅरेजमधली मुले हुशार आहेत, पण मशीन जोडायला या गाडीत जागाच नाही. गाडीचे सुटे भाग जुन्या बाजारात शोधले तर मिळतील. ते कान कुठे मिळणार?

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी मुलाला एक अट घातली. विकायची तर विकू, पण आधी चार रविवार मिस्त्रींजवळ बसायचे. तो बसला. पॉइंट घासायला, टॅपेट सेट करायला, ब्रेकची हवा काढायला शिकला. चौथ्या रविवारी मिस्त्रींनी त्याला पाना कानाला लावायला दिला. त्याने बराच वेळ ऐकले आणि म्हणाला, "तिसरा." मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी झाकण काढून फक्त तिसरा टॅपेट मोजला. फट वाढलेली होती.

गाडी विकण्याचा विषय अजून संपलेला नाही. ज्या दिवशी तिच्या ब्रेकचा भरवसा देता येणार नाही, त्या दिवशी ती उभी करायची, एवढे आम्हा दोघांचे ठरले आहे. वहीतली शेवटची नोंद मुलाच्या अक्षरातली आहे.