साडेसात मीटरांचं आकाश

जानेवारीतला मंगळवार. दुपारचे जेमतेम पावणेचार वाजलेले आणि बाहेर अंधारून आलेलं. लंडनच्या पश्चिमेला, गाडीनं तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. तिथल्या सरकारी शाळेच्या कॉमन रूममध्ये आम्ही अकराजण बसलो होतो. सतरा-अठरा वर्षांची आठ मुलं, त्यांच्या विभागाच्या प्रमुख बाई आणि पालकसंघातर्फे आम्ही दोघी. टेबलावर बिस्किटांचा पुडा आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी होणाऱ्या समर बॉलची थीम ठरवायची होती. माझी लेक या कमिटीत नव्हती. ‘आई, तू असशील तर मी नाही,’ हे तिनं नाताळातच जाहीर केलं होतं.

त्या रात्री सांगलीला आईशी फोनवर बोलताना हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अगं, म्हणजे सेंड-ऑफच ना? मग त्याला जानेवारीपासून काय बसायचं? तुमच्या वेळी भेळ आणि एक ग्रुप फोटो, झालं.’’

सेंड-ऑफच, हे खरं. पण इथल्या सेंड-ऑफला दोन खानदानी आज्या आहेत. एक अमेरिकन प्रॉम, सिनेमा-मालिकांतून गेल्या तीसेक वर्षांत इथल्या शाळांत शिरलेली. दुसरी अस्सल इंग्रजी बॉल. उमरावांच्या मुलींना राणीसमोर सादर करण्याची पद्धत १९५८ मध्ये बंद झाली, पण बॉल राहिले. केंब्रिजचे ‘मे बॉल’ तर आजही भरतात, आणि नाव मेचं असलं तरी भरतात जूनमध्ये. शाळेचा समर बॉल या दोघींच्या मधे कुठेतरी बसतो. मुलग्यांनी काळं डिनर जॅकेट, बो टाय. मुलींनी लांब गाऊन. आधी टेबलावर बसून जेवण, मग डीजे. शाळेच्या शेवटच्या, ए-लेव्हल परीक्षेचे पेपर नुकते संपलेले असतात, निकाल ऑगस्टच्या मध्यावर. मधल्या अधांतरी दिवसांत ही एक संध्याकाळ.

मुलांनी चिठ्ठ्या लिहून भिंतीवर चिकटवल्या. चौतीस निघाल्या. हॉलिवूड, मास्करेड, कसिनो, समुद्रतळ, ‘तारांकित रात्र’, जादूचं जंगल, बॉलिवूड, सर्कस. ‘ग्रेट गॅट्सबी’ तर पाचजणांनी लिहिलं होतं. २०१३ मध्ये बाझ लुहरमननं तो सिनेमा केल्यापासून इथल्या प्रत्येक सोहळ्याच्या दुकानात काळ्या-सोनेरी फुग्यांचं आणि पिसांचं गॅट्सबी पॅकेज तयारच असतं. मूळ कादंबरी १९२५ ची, आणि इथे अनेक मुलांना ती परीक्षेला असते. कोपऱ्यातली एक मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली, ‘‘ज्या पुस्तकावर पेपर लिहून बाहेर पडणार, त्यातच परत नाचायचं?’’ दुसरा म्हणाला, ‘‘आणि त्या पार्ट्या देणारा माणूस शेवटी मरतो. त्याच्या अंत्ययात्रेला कोणी येतसुद्धा नाही.’’ तरीही गॅट्सबी भिंतीवरून उतरला नाही. सोनेरी रंगाची ओढ वाङ्मयीन आक्षेपांना पुरून उरते.

पुढच्या बैठकीत बाई म्हणाल्या, आता बोलणं पुरे, हॉल बघायला चला.

हॉल म्हणजे शाळेचं क्रीडागृह. चार बॅडमिंटन कोर्टांचं. साडेचौतीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, छत साडेसात मीटर उंच. जमिनीवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या रेषांचं जाळं. हवेत रबराचा आणि सॉक्सचा वास. मुलं इथे सात वर्षं पळत होती, पण कोणी कधी वर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी माना वर केल्या. ‘तारांकित रात्र’वाला मुलगा बराच वेळ बघत राहिला. छताला कापड लावून त्यात बारीक दिवे सोडायचं एका कंपनीचं दरपत्रक त्यानं आणलं होतं. २,६०० पौंड. हिशेब सांभाळणाऱ्या मुलीनं फोनवर आकडे मांडले. १४० तिकिटं, प्रत्येकी ३५ पौंड. त्यातून जेवण, डीजे, फोटोग्राफर, सुरक्षारक्षक वजा जाता सजावटीला उरतात ४०० पौंड.

मला आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ आठवलं. माझे काका त्याचे खजिनदार. आषाढ लागला की ओट्यावर बैठक: यंदा देखावा काय? पहिली सूचना हमखास केदारनाथ. मग वर्गणीचा अंदाज यायचा, मग बांबू किती, मग गल्लीवरून गेलेली विजेची तार. केदारनाथ म्हणून कागदावर उभं राहिलेलं देऊळ तारेखाली मावेल इतपत खुजं होऊन भाद्रपदात प्रकटायचं. काका म्हणायचे, देखावा बैठकीत ठरत नाही, तो त्या तारेनं ठरवलेला असतो.

इथली तार म्हणजे ते छत. आणि दुसरी एक, जी जानेवारीच्या अंधारात कोणाच्या लक्षात येत नव्हती. ती केअरटेकरनं दाखवली. हॉलला दोन्ही बाजूंनी वरच्या अंगाला काचा आहेत. तो म्हणाला, ‘‘जूनच्या शेवटी इथे साडेनऊपर्यंत लख्ख असतं.’’ खरंच की! इंग्लंडच्या या भागात तेव्हा सूर्य मावळतो नऊ वीसच्या सुमारास, आणि दिवे डोळ्यांत भरावेत इतका अंधार पडायला दहा वाजतात. बॉल सात ते अकरा. म्हणजे तारे असोत, समुद्रतळाचा निळा उजेड असो, की जादूचं जंगल, चारातले तीन तास ते बॅडमिंटनच्या उजेडात फटफटीत दिसणार. थीम निवडण्याच्या याद्या मी बऱ्याच चाळल्या होत्या. अंधार किती वाजता पडतो हे विचारा, असं एकीतही लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर चिठ्ठ्या भराभर गळल्या. मास्करेड सगळ्यांत स्वस्त, मुखवटा दोन पौंडांना मिळतो. पण दारावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना आत येणारा प्रत्येक चेहरा ओळखता यायला हवा. चष्मेवाल्यांचे हाल वेगळेच. आणि जेवायला बसल्यावर मुखवटे टेबलावर काढून ठेवले की थीम संपली. कसिनोची टेबलं भाड्यानं मिळतात, खोट्या नोटांवर खेळायचं. पण इथल्या शाळेचं वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट, म्हणजे जुलै-ऑगस्टात जन्मलेली मुलं बॉलच्या दिवशी अजून सतराचीच. जुगार आणि दारू, दोन्हीला अठरा लागतात. बारच नाही म्हटल्यावर शाळेनं रूलेट कुठल्या तोंडानं मांडायचं? शिवाय दोन-तीन मुस्लिम घरांतली मुलं आली नसती. ही गोष्ट त्यांच्यातल्याच एकीनं शांतपणे सांगितली आणि चिठ्ठी स्वतः काढली.

बॉलिवूडची चिठ्ठी वाचली गेली तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. प्रमुख बाईंनी अगदी जपून विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ माझ्या डोळ्यांपुढे प्लॅस्टिकचे हत्ती आणि शाळेच्या कँटीनमधले सामोसे तरळून गेले. हा प्रश्न इथे नवा नाही. केंब्रिजच्या एका कॉलेजात २०१६ मध्ये ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’ ही पार्टीची थीमच रद्द झाली होती, कोण कुठल्या देशाचा पोशाख चढवून येईल या धास्तीनं. माझी हरकत तितकी तात्त्विक नव्हती, पण ती कशी मांडावी हे सुचेना. सोडवलं ते एका पंजाबी मुलानं. ‘‘प्लीज नको. मला वाटेल, मी चुलतभावाच्या लग्नाला आलोय. काकू येऊन विचारतील, जेवलास का.’’

खरा प्रश्न मात्र फेब्रुवारीत आला, आणि थीमबद्दल कधीच न बोललेल्या मुलीकडून. ती जागेच्या कामांत असायची, खुर्च्या मोजायची. तिनं विचारलं, ‘‘थीमप्रमाणे कपडे घालायलाच हवेत का?’’

टेबल एकदम गप्प झालं. गाऊनचं प्रकरण इथे मोठं असतं. मुलींचा एक ग्रुप असतो, त्यात जिनं गाऊन घेतला तिनं फोटो टाकायचा, म्हणजे दुसरी तोच घेणार नाही. काही दुकानंही कुठल्या शाळेच्या मुलीनं कुठला गाऊन नेला याची नोंद ठेवतात आणि त्याच शाळेतल्या दुसरीला तो विकत नाहीत. दोनशे-तीनशे पौंड सहज जातात. ज्यांना जमत नाही त्या धर्मादाय दुकानांतून घेतात, मोठ्या बहिणीचा उसवून घेतात. आता अशा मुलीनं कसाबसा एक निळा गाऊन मिळवला, आणि थीम निघाली १९२० चं दशक, मणी आणि झालरी, तर? घालता येईल तिला तो निळा, कोणी अडवणार नाही. पण फोटोत ती एकटीच थीमबाहेर.

मी त्यांना आमच्या कॉलेजातल्या साडी डेची गोष्ट सांगितली. एरवी ‘डे’ज म्हणजे ज्यांच्याकडे कपडे त्यांची चैन. पण साडी डेला आमची कोणाची पंचाईत झाली नाही, कारण साडी घरात होतीच. आईची, मावशीची, नाहीतर शेजारच्या वहिनींची. ब्लाउजला दोन टाके घातले की झालं. बरं, कोणाची साडी केवढ्याची, हे कळायचंच, नाही असं नाही. तरी कोणी थीमबाहेर नसायचं. हिशेबवाल्या मुलीनं ते ऐकून वहीत एक ओळ लिहिली, आणि तोच नियम ठरला: थीम भिंतींना, अंगाला नको.

त्या एका ओळीनं गॅट्सबी लंगडा झाला. तरी तो मतदानापर्यंत पोचला, कारण लोकशाही. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते, गॅट्सबी, हॉलिवूड आणि इंग्रजीच्या सरांनी सुचवलेली ‘मिडसमर गार्डन’. शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकाचं बोट धरून, आणि मिडसमर म्हणजे २४ जून, बॉल त्याच आठवड्याच्या आसपास. चौथा रकाना ‘इतर’. तो ठेवायला नको होता. निकाल असा: हॉलिवूड १५, बाग ३३, गॅट्सबी ३७, आणि ‘इतर’मध्ये एकमुखानं श्रेक ४१.

श्रेक म्हणजे २००१ च्या अ‍ॅनिमेशनपटातला तो दलदलीत राहणारा हिरवा राक्षस. यातलं एकही मूल तेव्हा जन्मलंही नव्हतं. प्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला, पण मत बाद केलं नाही. त्यांनी सगळ्यांना एका बोटीची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नव्या ध्रुवीय संशोधन जहाजाचं नाव लोकांकडून मागवलं होतं, आणि एक लाख चोवीस हजारांहून अधिक मतांनी ‘बोटी मॅकबोटफेस’ निवडून आलं. सरकारनं जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं, पण बोटी मॅकबोटफेस हे नाव फेकलं नाही. ते जहाजावरच्या एका मानवरहित पाणबुडीला लाभलं. तात्पर्य, श्रेकला सबंध हॉल नाही, एक कोपरा मिळेल.

मग जे झालं ते कुठल्याही महानगरपालिकेत शोभलं असतं. श्रेकचे एक्केचाळीसजण मधल्या सुट्टीत जमले. त्यांच्या पुढाऱ्याचं म्हणणं असं: दलदल बागेत असू शकते, गॅट्सबीच्या हवेलीत नाही. दुसऱ्या फेरीत युती झाली आणि बाग दणदणीत मतांनी आली.

बागेची सोय अशी की ती उजेडातच चांगली दिसते. छताला हात लावायचा नाही, नजर खाली आणायची, हे धोरण. शाळेच्या पत्रातून पालकांना कुंड्या उसन्या मागितल्या. फर्न, होस्टा, लॅव्हेंडर, एकानं तर चाकांवरचं लिंबाचं झाड आणलं. प्रत्येक कुंडीच्या बुडाला घराचा नंबर चिकटवला. ४०० पौंडांतले बरेचसे आग न पकडणाऱ्या हिरव्या कापडावर गेले, भिंतीवरचे व्यायामाचे बार झाकायला. दारासाठी मी तोरण सुचवलं. इथे आंब्याची पानं कुठली, पण चेरी लॉरेलची कुंपणं घराघरांत, आणि पान अगदी आंब्याचा धाकटा भाऊ. गुरुवारी चार मुली आणि मी दोऱ्यात पानं ओवत बसलो. जीवशास्त्राच्या बाई डोकावल्या. म्हणाल्या, ‘‘सुंदर. फक्त जेवणाच्या टेबलांपासून लांब ठेवा, या पानांत सायनाइड तयार होतं.’’ मग ते तोरण बाहेरच्या दारावरच राहिलं, आणि ओवणाऱ्या आम्ही पाचजणी दोनदा हात धुऊन आलो.

शुक्रवारी सात वाजता ऊन दारातून तिरपं आत आलं होतं. निळे, लाल, मोरपंखी गाऊन, दोन लेहंगे, एक सलवार-कमीज, एका स्कॉटिश मुलाचा किल्ट. बागेत सगळेच रंग खपून जातात. जेवण आटोपेपर्यंत ठीक होतं. मग मुलांनी काय केलं, तर हॉलची दारं सताड उघडली आणि सगळीच्या सगळी मैदानावर गेली. आत आमच्या कुंड्या आणि डीजे. पाच महिने आम्ही ज्या हॉलचा विचार केला तो साडेआठ वाजता रिकामा होता, एका कोपऱ्याचा अपवाद सोडून. तिथे पुठ्ठ्याच्या दलदलीपुढे रांग लागली होती, आणि प्रमुख बाई काळ्या रेशमी पोशाखात, डोक्यावर हिरवे कर्ण्यासारखे कान लावून उभ्या होत्या. माझ्या लेकीनं त्यांच्याबरोबर फोटो काढला. माझ्याबरोबर नाही.

दहाला केअरटेकरनं मोठे दिवे मालवले, तेव्हा कुठे आमच्या दिव्यांच्या माळा दिसल्या. तासभर.

शनिवारी सकाळी कुंड्या परत करायला गाड्या आल्या. मी यादी घेऊन दारात उभी होते. ८७ आल्या होत्या, गेल्या ८७, आणि एक उरली. टेराकोटाची, बुडाला नंबर नाही, आत अर्धवट वाळलेला होस्टा. ग्रुपवर दोनदा फोटो टाकला, कोणी हक्क सांगितला नाही. सध्या ती आमच्या मागच्या दारात आहे, आणि होस्ट्याला नवीन पानं फुटतायत.